बराकीतले मतदार : कल्याण कॅम्प आणि भारताची पहिली सार्वत्रिक निवडणूक

स्वतंत्र भारताची पहिली सार्वत्रिक निवडणूक २५ ऑक्टोबर १९५१ रोजी हिमाचलातील चिनी आणि पांगी या बर्फाळ तहसिलींत सुरू झाली आणि २१ फेब्रुवारी १९५२ रोजी संपली. सुमारे १७ कोटी ३२ लाख मतदार, लोकसभेच्या ४८९ जागा, प्रांतोप्रांतीच्या विधानसभांच्या तीन हजारांहून अधिक जागा, असा तिचा पसारा होता. हे आकडे शालेय पुस्तकांतही सापडतात. त्या मतदारांत एक मोठा गट असा होता की, ज्याचे गाव आता दुसऱ्या देशात होते, याची आठवण मात्र क्वचितच काढली जाते. मुंबईपासून ५८ किलोमीटरवर, कल्याणच्या पलीकडे लष्कराने सोडून दिलेल्या बराकींत हा गट राहत होता. त्या वस्तीला आज उल्हासनगर म्हणतात.

युद्धानंतरच्या पहिल्या मुक्त निवडणुकांचा विषय निघाला की जर्मनी, जपान, अलीकडच्या काळातील कंबोडिया किंवा बोस्निया आठवतात. भारताचे नाव त्या यादीत सहसा नसते. पण १९५१ साली या देशाच्या मागे दुसरे महायुद्ध होते, फाळणीचा रक्तपात होता आणि १ जानेवारी १९४९ च्या शस्त्रसंधीने थांबलेले काश्मीरचे युद्धही होते. जम्मू-काश्मीरमध्ये तर त्या वेळी लोकसभेसाठी मतदानच झाले नाही. तेथील सहा सदस्य राष्ट्रपतींनी नियुक्त केले. युद्धाच्या या साऱ्या खुणा एकाच जागी पाहायच्या असतील, तर उल्हास आणि वालधुनी या नद्यांच्या खोऱ्यातील त्या माळरानासारखी दुसरी जागा महाराष्ट्रात नाही.

छावणीची वसाहत

दुसऱ्या महायुद्धात आग्नेय आशियाच्या आघाडीकडे जाणाऱ्या फौजांसाठी ब्रिटिश सरकारने येथे ‘कल्याण मिलिटरी ट्रान्झिट कॅम्प’ उभारला. मुंबई बंदर जवळ, कर्जतकडे आणि कसाऱ्याकडे जाणारे दोन्ही लोहमार्ग हाताशी, पाण्याला नदी, अशी ही सोयीची जागा. सहा हजार सैनिक व तीस हजार इतर लोक राहतील एवढी तिची क्षमता होती आणि दोन हजारांहून अधिक बराकी होत्या, असे शहराच्या इतिहासात नोंदले जाते. बहुतेक बराकींचा नमुना एकच : मध्ये लांबलचक दालन आणि दोन्ही टोकांना खोल्या. युद्ध संपले, फौजा गेल्या, छावणी ओस पडली.

तोवर सिंधमध्ये दिवस पालटले होते. पंजाब व बंगाल यांची फाळणी झाली, सिंधची झाली नाही. तो प्रांत सबंध पाकिस्तानात गेला. त्यामुळे सिंधी हिंदूंच्या वाट्याला, निम्मा का होईना, आपला म्हणावा असा प्रांतच उरला नाही. पंजाबी निर्वासिताला पूर्व पंजाब होता, बंगाल्याला पश्चिम बंगाल होता. सिंध्याला फक्त भारत होता. ६ जानेवारी १९४८ रोजी कराचीत दंगल उसळल्यानंतर स्थलांतराला वेग आला. काही कुटुंबे रेल्वेने राजस्थानमार्गे आली, पुष्कळशी कराचीहून आगबोटीने मुंबईच्या धक्क्यावर उतरली. त्यांना ठेवायचे कोठे, हा मुंबई सरकारपुढचा प्रश्न होता आणि कल्याणची रिकामी छावणी हे त्याचे तयार उत्तर होते. सुमारे एक लाख निर्वासित तेथे आले. एका दालनात अनेक कुटुंबे, मध्ये गोणपाटाचे नाहीतर साड्यांचे पडदे, अशी ती व्यवस्था. छावणीचे जे विभाग होते तेच वस्तीचे मोहल्ले झाले. कॅम्प नंबर एक ते पाच हे पत्ते आजही उल्हासनगरात चालतात. रिक्षावाल्याला रस्त्याचे नाव सांगण्यापेक्षा कॅम्पचा आकडा सांगणे अधिक उपयोगी पडते.

८ ऑगस्ट १९४९ रोजी तत्कालीन गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते येथे नगराची पायाभरणी झाली आणि नदीवरून ‘उल्हासनगर’ हे नाव पडले. योगायोग असा की, त्याच आठवड्यात, १४ ऑगस्ट १९४९ रोजी, पश्चिम जर्मनीत युद्धानंतरच्या पहिल्या संसदेसाठी मतदान झाले. तेथेही पूर्वेकडून हाकलून दिलेले लक्षावधी जर्मन निर्वासित नव्या मतदारयाद्यांत होते. त्यांचा उल्लेख पुढे येईलच.

सिंधचा आणि मुंबईचा संबंध नवा नव्हता, हेही येथे नोंदले पाहिजे. १८४३ साली इंग्रजांनी सिंध जिंकला आणि १८४७ साली तो मुंबई इलाख्याला जोडला. तेव्हापासून १ एप्रिल १९३६ पर्यंत कराची, हैदराबाद, शिकारपूर, लारकाना यांचा कारभार मुंबईतून चालत असे. म्हणजे १९४८ साली कल्याणला उतरलेला चाळिशीचा सिंधी गृहस्थ जन्माने मुंबई इलाख्याचाच रहिवासी होता! बारा वर्षांपूर्वी आपल्यापासून तोडलेल्या प्रांताची माणसे मुंबईकडे परत आली ती निर्वासित म्हणून.

नाव यादीत कसे आले?

प्रौढ मताधिकारावर निवडणूक घ्यायची, हे ठरवणे सोपे होते. प्रत्येक प्रौढाचे नाव यादीत आणणे हे खरे काम. ब्रिटिशांच्या काळात १९३५ च्या कायद्यानुसार झालेल्या निवडणुकांत मतदार होते सुमारे तीन कोटी, आणि तेही मालमत्ता, शेतसारा, शिक्षण अशा पात्रतांच्या चाळणीतून गाळलेले. शिवाय मतदारसंघ धर्मानुसार वेगळे. सिंधमधील हिंदू मतदाराने १९३७ आणि १९४६ साली मत दिले असेल, तर ते ‘सर्वसाधारण’ मतदारसंघात. त्याच्या मुसलमान शेजाऱ्याचा मतदारसंघ निराळा. राज्यघटनेच्या ३२५ व्या कलमाने ही पद्धत मोडून सर्वांसाठी एकच यादी केली आणि ३२६ व्या कलमाने एकवीस वर्षांवरील प्रत्येक नागरिकाला मत दिले.

घटना अमलात येण्याची वाट न पाहता याद्यांचे काम १९४८ च्या प्रारंभीच सुरू झाले होते. घटना समितीच्या सचिवालयाने प्रांतांना परिपत्रके धाडली. मतदाराने ३१ मार्च १९४८ रोजी संपणाऱ्या वर्षात किमान १८० दिवस त्या ठिकाणी वास्तव्य केलेले असावे, अशी अट त्यांत होती. वरवर पाहता अट रास्त होती, परंतु जानेवारीत आगबोटीतून उतरलेल्याला ती पुरी करणे अशक्यच होते. देशभरच्या निर्वासितांच्या संघटनांनी पत्रांवर पत्रे लिहिली, कारकुनांनी वर विचारणा केली आणि अखेर सचिवालयाने सूचना दिली की, निर्वासिताने या गावी कायम राहण्याचा आपला इरादा आहे असे निवेदन केले की त्याचे नाव यादीत घ्यावे, मुक्कामाचे दिवस मोजू नयेत. इतिहासकार ओर्नित शनी यांनी या पत्रव्यवहाराचा सविस्तर अभ्यास केला आहे. नागरिकत्वाची व्याख्या घटनेत अजून पक्की व्हायची होती, आणि यादीतले नाव मात्र आधीच पक्के होत होते. सरकारी कचेरीने माणसाच्या शब्दावर विश्वास ठेवला, ही आपल्याकडे दुर्मीळ गोष्ट. ती प्रजासत्ताकाच्या उंबरठ्यावर घडली.

पुढे घटनेच्या सहाव्या कलमाने निर्वासितांची दोन गटांत विभागणी केली. जो स्वतः, किंवा ज्याचे आईवडील वा आजा-आजी यांपैकी कोणी, अविभाजित भारतात जन्मले आणि जो १९ जुलै १९४८ पूर्वी येऊन येथेच राहिला, तो आपोआप नागरिक झाला. १९ जुलै हा दिवस यासाठी की, त्या दिवसापासून पाकिस्तानातून येण्यास परवाना लागू लागला. त्यानंतर आलेल्याने अर्ज करून नोंदणी करणे आवश्यक होते. अर्जापूर्वी सहा महिने वास्तव्य हवे आणि अर्ज घटना लागू होण्यापूर्वी, म्हणजे २६ जानेवारी १९५० च्या आत झालेला हवा. हिशेब केला तर असे दिसते की, जुलै १९४९ च्या अखेरीनंतर जे आले त्यांना हे कलम लागूच पडत नव्हते. म्हणजे एकाच बराकीत, एकाच पडद्याच्या अलीकडे मतदार आणि पलीकडे मताधिकार नसलेला, असे होणे कायद्याने शक्य होते. या उशिरा आलेल्यांसाठी नोंदणीचा मार्ग १९५५ च्या नागरिकत्व कायद्याने खुला केला.

या खटाटोपातले एक अंग फारसे बोलले जात नाही. छावणीत नोंद म्हणजे शिधा, नोंद म्हणजे डोक्यावर छप्पर, आणि नोंद म्हणजे सिंधमध्ये सोडून आलेल्या मालमत्तेच्या भरपाईच्या दाव्याला आधार. ज्या माणसाचे घर, दुकान, जमिनीचे कागद सारे मागे राहिले, त्याच्या दृष्टीने सरकारी यादीतले नाव ही कोरडी गोष्ट नव्हती. नव्या देशाने ‘तू येथला’ असे लिहून दिल्याचा तो कागद होता.

सुकुमार सेन यांची यातायात

निवडणूक आयोगाची स्थापना २५ जानेवारी १९५० रोजी झाली आणि मार्चमध्ये सुकुमार सेन पहिले मुख्य निवडणूक आयुक्त झाले. मूळचे गणिताचे विद्यार्थी, भारतीय सनदी सेवेतील अधिकारी आणि पश्चिम बंगालचे मुख्य सचिव असलेल्या या गृहस्थांनी मागे आठवणी लिहून ठेवल्या नाहीत, ही इतिहासाची मोठी हानी म्हणावी लागेल. पंतप्रधान नेहरूंना निवडणूक १९५१ च्या वसंतातच हवी होती. सेन यांनी घाई होऊ दिली नाही.

मतदारांपैकी चार-पंचमांशांहून अधिक निरक्षर होते. तेव्हा पक्षांना चिन्हे दिली गेली आणि प्रत्येक उमेदवाराची स्वतंत्र मतपेटी ठेवण्यात आली. आजच्या वाचकाला हे समजावून सांगावे लागेल. मतपत्रिकेवर नावे नव्हती, शिक्काही मारायचा नव्हता. आडोशाच्या मागे पेट्या ओळीने मांडलेल्या, प्रत्येकीवर चिन्हाचा कागद चिकटवलेला : काँग्रेसची बैलजोडी, समाजवाद्यांचे झाड, किसान मजदूर प्रजा पक्षाची झोपडी, जनसंघाची पणती, शेड्यूल्ड कास्ट फेडरेशनचा हत्ती, कम्युनिस्टांची कणसे आणि विळा. ज्याला मत द्यायचे त्याच्या पेटीत कोरी मतपत्रिका टाकायची, एवढेच. या मतपत्रिका एक रुपयाच्या नोटेएवढ्या होत्या आणि नाशिकच्या सरकारी सुरक्षा मुद्रणालयात छापल्या गेल्या. पोलादी पेट्या देशभर सुमारे वीस लाख लागल्या. त्यांसाठी ८,२०० टन पोलाद खर्ची पडले. त्यांतील बारा लाखांहून अधिक पेट्या गोदरेजच्या विक्रोळी येथील कारखान्यात तयार झाल्या. याद्या टंकलिखित करण्यासाठी १६,५०० कारकून सहा महिन्यांच्या कराराने नेमले होते. बोटावरची न पुसणारी शाई सरकारी शास्त्रज्ञांनी बनवली आणि तिच्या ३,८९,८१६ कुप्या वापरल्या गेल्या. म्हैसूरच्या रंगाच्या कारखान्याची प्रसिद्ध शाई नंतरची, १९६२ सालची.

चिन्हांच्या या पद्धतीचा लाभ केवळ निरक्षरांना झाला असे नव्हे. कल्याण कॅम्पमधील सिंधी माणूस बहुधा चांगला साक्षर असे. हैदराबादचा आमील असेल तर पदवीधरही. पण त्याची लिपी अरबी वळणाची आणि भोवतालचा कारभार मराठी, गुजराती, इंग्रजीतला. लिहिता-वाचता येणारा हा माणूस नव्या मुलखात पाट्यांपुढे निरक्षर ठरला होता. झोपडी आणि बैलजोडी ओळखायला लिपी लागत नाही. सिंधी भाषेला घटनेच्या आठव्या परिशिष्टात जागा मिळाली ती १० एप्रिल १९६७ रोजी, एकविसाव्या घटनादुरुस्तीने. भाषेला मान्यता मिळण्यापूर्वी पंधरा वर्षे तिचे बोलणारे मतदार झाले होते.

स्त्रियांच्या नावांचा प्रश्न तर सेन यांना फारच जड गेला. उत्तरेकडील कित्येक प्रांतांत बायकांनी स्वतःचे नाव सांगायला नकार दिला. अमक्याची बायको, तमक्याची आई एवढेच. सेन यांनी अशा नोंदी चालणार नाहीत असे ठरवले आणि सुमारे अठ्ठावीस लाख स्त्रियांची नावे याद्यांतून गळाली. त्यावर ओरड झाली. पण पुढच्या निवडणुकीपर्यंत हा पूर्वग्रह जाईल, असे त्यांचे मत होते. निर्णय कठोर होता. बायकांच्या लाजेची किंमत बायकांनीच मोजली, हे तितकेच खरे.

ठाण्याची दोन मते

उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर ही तिन्ही ठिकाणे तेव्हा कल्याण तालुक्यात होती. त्यांच्यातील अंतर लोकलने काही मिनिटांचे, पण माणसे तीन तऱ्हांची. अंबरनाथला अकराव्या शतकातले शिलाहारांचे शिवमंदिर आणि त्याच्याच गावात विमकोचा काडेपेटीचा कारखाना. म्हणजे एकीकडे जत्रा, दुसरीकडे भोंगा. बदलापूर हे भाताच्या खाचरांतले खेडे. घोडी बदलण्याचे ठिकाण म्हणून ते नाव पडले, असे तेथील लोक सांगतात. आणि या दोहोंच्या शेजारी तीन-चार वर्षांत उगवलेले, मराठीचा गंध नसलेले लाखभर वस्तीचे उल्हासनगर. जुन्या गावांतील लोकांना ही वस्ती ‘कॅम्प’ म्हणूनच ठाऊक होती. जे निर्वासित या शब्दाने दुखावत, ते स्वतःला पुरुषार्थी म्हणवीत.

त्या निवडणुकीत ठाणे हा लोकसभेचा दोन सदस्यांचा मतदारसंघ होता : एक जागा सर्वसाधारण, दुसरी अनुसूचित जमातींसाठी राखीव. देशात असे दोन सदस्यांचे मतदारसंघ ८६ होते. मतदाराला दोन मतपत्रिका मिळत आणि त्या दोन निरनिराळ्या उमेदवारांच्या पेट्यांत टाकायच्या असत. दोन्ही एकाच पेटीत टाकल्या तर त्यांतली एकच मोजली जाई. विधानसभेचे मत आणखी वेगळे. लोकशाहीचा पहिलाच धडा आणि तोही एवढा गुंतागुंतीचा! तरी देशभरात सुमारे पंचेचाळीस टक्के मतदान झाले. राखीव जागेवरून अनंत सावळाराम नांदकर लोकसभेत गेले.

मुंबई राज्यात काँग्रेसने विधानसभेच्या ३१५ पैकी २६९ जागा जिंकल्या; तरी त्या राज्याचे गृहमंत्री मोरारजी देसाई स्वतःच्या मतदारसंघात अवघ्या १९ मतांनी पडले आणि एप्रिल १९५२ मध्ये मुख्यमंत्रीही झाले. घटनेच्या मसुदा समितीचे अध्यक्ष डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचा उत्तर मुंबईत नारायण सदोबा काजरोळकर यांनी सुमारे साडेचौदा हजार मतांनी पराभव केला. निवडणूक मुक्त होती याचा आणखी पुरावा शोधण्याची गरज नाही. ज्यांनी ती शक्य केली त्यांनाही तिने सोडले नाही.

निर्वासितांच्या मताचे वजन कोठे पडले? देशाच्या पातळीवर पाहिले तर एका पारड्यात नव्हे. फाळणी मान्य करणाऱ्या काँग्रेसवर सिंधी मनात राग होता, हे उघड आहे. परंतु फाळणी झाली त्या वेळी काँग्रेसचे अध्यक्ष असलेले आचार्य कृपलानी हे स्वतः हैदराबाद-सिंधचे. त्यांनीच १९५१ साली काँग्रेस सोडून किसान मजदूर प्रजा पक्ष काढला. तो सप्टेंबर १९५२ मध्ये समाजवादी पक्षात मिळून प्रजासमाजवादी पक्ष झाला. काही मते काँग्रेसकडे राहिली, काही समाजवाद्यांकडे, काही पुढे जनसंघाकडे गेली.

येथेच पश्चिम जर्मनीशी तुलना उपयोगी पडते. तेथे पूर्वेकडील निर्वासितांनी १९५० साली स्वतःचा पक्ष काढला आणि १९५३ च्या निवडणुकीत २७ जागा जिंकून तो संसदेत व सरकारात गेला. भारतात निर्वासितांचा असा पक्ष उभा राहिला नाही. संख्या विखुरलेली होती, हे एक कारण. दुसरे कारण बहुधा असे की, व्यापारी समाजाला सत्ताधाऱ्यांशी कायमचे वैर परवडत नाही.

पण ठाण्याचे नाव या कथेत एका वेगळ्या कारणाने येते. पहिल्या लोकसभेच्या काळात ठाण्याचे प्रतिनिधी म्हणून सभागृहात बसलेल्यांत डॉ. चोइथराम प्रतापराय गिडवाणी होते. हे सिंध प्रांतिक काँग्रेसचे जुने अध्यक्ष, गांधीजींच्या चळवळींत तुरुंग भोगलेले. १४ आणि १५ जून १९४७ रोजी दिल्लीत अखिल भारतीय काँग्रेस समितीपुढे फाळणीच्या योजनेचा ठराव आला, तेव्हा विरोधात उभे राहिलेल्या मोजक्या लोकांत त्यांचा समावेश होता. त्यांचा विरोध तेथे हरला, त्यांचा प्रांत गेला, आणि काही वर्षांनी सह्याद्रीच्या पायथ्याच्या एका मराठी जिल्ह्याचे खासदार म्हणून ते संसदेत उभे राहून निर्वासितांच्या भरपाईचे आणि पुनर्वसनाचे प्रश्न विचारू लागले. विस्थापितांच्या भरपाईचा व पुनर्वसनाचा कायदा १९५४ साली झाला. त्याच कायद्याच्या आधाराने छावण्यांतील कुटुंबांना राहत्या जागांची मालकी मिळण्याची वाट खुली झाली. १९५७ साली डॉ. गिडवाणींचे निधन झाले.

मत कोठे द्यायचे?

युद्धाने घरदार सोडावे लागलेल्या माणसाने मत कोठे द्यावे, हा प्रश्न त्यानंतर जगाला वारंवार पडला. १९९५ च्या डेटन कराराने बोस्नियात असे गृहीत धरले की, १९९१ साली जो जेथे राहत होता तेथेच त्याने साधारणतः मत द्यावे. हेतू उदात्त होता : माणसांना हुसकावून बदललेली लोकसंख्या मतपेटीतून कायम होऊ नये. सप्टेंबर १९९६ च्या मतदानात ज्यांनी आपल्याला हाकलले त्यांच्याच गावी जाऊन मत द्यायचे म्हणजे जीव मुठीत धरण्यासारखे होते. कंबोडियात मे १९९३ च्या निवडणुकीपूर्वी थायलंडच्या सीमेवरील साडेतीन लाखांहून अधिक निर्वासितांना संयुक्त राष्ट्रसंघाने आधी मायदेशी नेले आणि मग मतदान घेतले.

उल्हासनगरला यांपैकी कोणताच मार्ग नव्हता. लारकान्यात जाऊन मत देता येत नव्हते आणि परत जाण्याची आशाही दर वर्षी क्षीण होत होती. तेव्हा जेथे बराक, तेथे मत. ते मत देणे म्हणजे मागच्या घरावरचा हक्क मनातून सोडणे होते. कित्येक घरांत कराचीच्या कुलपांच्या किल्ल्या जपून ठेवलेल्या असताना हे घडत होते, हे विसरून चालणार नाही.

सिंधमध्ये मागे राहिलेल्यांचे काय झाले? पाकिस्तानात प्रांतांच्या निवडणुका झाल्या. परंतु राष्ट्रीय विधिमंडळासाठी प्रौढ मताधिकाराने पहिले थेट मतदान झाले ते ७ डिसेंबर १९७० रोजी. त्या निवडणुकीचा निकाल सत्ताधाऱ्यांनी मानला नाही, त्यातून युद्ध पेटले आणि देश दुभंगला. तेथे क्रम उलटा झाला : आधी निवडणूक, मग युद्ध. आणि त्या युद्धातून निघालेल्या बांगलादेशाने ७ मार्च १९७३ रोजी आपली पहिली निवडणूक घेतली.

मराठी वाचकाला शेजारचे आणखी एक उदाहरण ठाऊक असते, ते गोव्याचे. डिसेंबर १९६१ मध्ये भारतीय फौजांनी पोर्तुगीजांची साडेचारशे वर्षांची सत्ता दोन दिवसांत संपवली आणि ९ डिसेंबर १९६३ रोजी गोवा, दमण व दीवच्या तीस जागांसाठी पहिली खुली निवडणूक झाली. मुक्ती देणाऱ्या सरकारचा पक्ष जिंकेल, असा दिल्लीत अनेकांचा होरा होता. गोव्याने काँग्रेसला एकही जागा दिली नाही. तिला मिळाली ती एकमेव जागा दमणची. महाराष्ट्रवादी गोमंतक पक्षाचे दयानंद बांदोडकर मुख्यमंत्री झाले.

नंतरचे कल्याण कॅम्प

उल्हासनगरने देशासाठी मत दिले तेव्हा त्याला स्वतःच्या गटारांसाठी मत देण्याची सोय नव्हती. वस्तीचा कारभार सरकारी अधिकाऱ्यांकडे होता. नगरपालिका आली ती १९६० साली. शेजारची कथाही यासंदर्भात बोलकी आहे. अंबरनाथ आणि बदलापूर ही गावे १ ऑक्टोबर १९८३ रोजी कल्याण महापालिकेत घातली गेली. या महापालिकेची पहिली निवडणूक १९९५ साली झाली, म्हणजे तब्बल बारा वर्षांनी. तोवर प्रशासकांचे राज्य. दोन्ही गावांना १९९२ साली पुन्हा स्वतंत्र नगरपालिका मिळाल्या, तेव्हा त्या महापालिकेसाठी एकदाही मत न देता ती तिच्यातून बाहेर पडली. शांततेच्या काळातही मतपेटी अशी लांबणीवर पडू शकते. २०२० नंतरची काही वर्षे या नगरपालिकांनी प्रशासकांच्याच हाती काढली.

बराकी आता फारशा उरलेल्या नाहीत. त्यांच्या जागी मजले चढले, पुष्कळसे परवानगीवाचून. पापड, बिस्किटे, फर्निचर, जीन्स यांचे कारखाने गल्लोगल्ली झाले. ज्या जागा निर्वासितांना भरपाईत मिळाल्या, त्यांच्या सनदा आणि नकाशे यांचा घोळ पन्नास वर्षांनंतरही मिटला नाही. उच्च न्यायालयाने बेकायदा इमारतींवर हातोडा चालवण्याचे आदेश दिल्यावर राज्य सरकारला २००६ साली खास उल्हासनगरसाठी बांधकामे नियमित करणारा कायदा करावा लागला. एका शहरापुरता स्वतंत्र कायदा, हे त्या मताचे वजन होते असे म्हणता येईल. मतांचे राजकारण होते असेही म्हणता येईल. दोन्ही म्हणणारे लोक शहरात आहेत.

मतदारसंघांच्या २००८ च्या पुनर्रचनेत या तीन शेजाऱ्यांची ताटातूट झाली. उल्हासनगर आणि अनुसूचित जातींसाठी राखीव असलेला अंबरनाथ हे विधानसभा मतदारसंघ कल्याण लोकसभा क्षेत्रात गेले. कुळगाव-बदलापूर मुरबाड विधानसभेत, आणि तिच्याबरोबर भिवंडी लोकसभा क्षेत्रात गेले. कर्जतच्या लोकलमध्ये एकाच बाकावर बसलेले अंबरनाथचे आणि बदलापूरचे प्रवासी २००९ पासून वेगवेगळ्या खासदारांना मत देतात. विठ्ठलवाडीला उतरणारे बहुतेक जण मात्र अजून रिक्षावाल्याला कॅम्पचा नंबरच सांगतात.